स्टिकर फाडायचं काम

सोमवार, ता. ४

आज सकाळी जाग आली ती एका आवाजानं, आणि तो आवाज घरात कुठेच नव्हता. खडक्-फस्, खडक्-फस्. शाळेच्या ऑफिसातलं प्रश्नपत्रिका छापायचं जुनं सायक्लोस्टाइल यंत्र. परीक्षा जवळ आल्या की मी त्याचा दांडा फिरवत उभा असायचो, मनगटापर्यंत शाई, आणि भिंतीपलीकडे पाचवीचा वर्ग कविता म्हणत असायचा. यंत्राचा ठेका आणि कवितेचा ठेका कधी कधी जुळून यायचा. नाही जुळला तर मी दांडा जरा हळू करायचो, पोरांना सोयीचं व्हावं म्हणून. पोरांना त्याचा पत्ताही नसायचा.

मी शिक्षक नव्हतो, साधा कारकून. पण त्या शाळेतल्या सगळ्या इयत्तांच्या कविता मला पाठ आहेत. पुस्तकातून नाही, भिंतीतून.

हे सगळं आठवायचं कारण समोरच्या खोलीत आहे. मुलीनं तिथे आपलं ऑफिस थाटलंय, त्याला आता वर्ष होत आलं. ती एका हॉस्पिटलसाठी प्रोग्राम लिहिते. मला समजलं ते एवढं : पेशंटचं रक्त घेतलं की प्रिंटरमधून त्याच्या नावाचा स्टिकर निघतो, तो ट्यूबवर चिकटवतात, आणि लॅबमधलं यंत्र स्टिकरवरच्या काळ्या रेघा वाचून रिपोर्ट कुणाचा ते ठरवतं. तिच्या हाताखाली दोघं आहेत. एक दाढीवाला, उंच, विचारल्याशिवाय न बोलणारा. दुसरी चिमणी, नाव वेगळं आहे, पण तिला सगळे चिमणीच म्हणतात आणि तीही ओ देते.

आज वाद पेटला तो प्रिंटरवरून. ऑफिसात सगळ्यांना मिळून एक प्रिंटर ठेवायचा, नेटवर्कवरचा, की ज्याच्या त्याच्या टेबलावर ज्याचा त्याचा, वायरनं जोडलेला?

"एक कॉमन ठेवू ताई," दाढीवाला म्हणाला. "एकदा सेट केला की कटकट मिटली. प्रत्येकाला वेगळा म्हणजे प्रत्येकाची वेगळी वायर, वेगळा ड्रायव्हर, वेगळा रोल. एकाकडे चालेल, दुसऱ्याकडे बंद. मग दिवसभर आम्ही प्रिंटरचीच सेवा करत बसू."

"आणि मला उठायला निमित्त मिळेल," चिमणी म्हणाली. "नाहीतर माझी पाठ एक दिवस खुर्चीसकट घरी न्यावी लागेल."

"तुला उठायला निमित्त लागतं? तू बसतेस कधी?"

मुलगी हसली नाही. म्हणाली, "वॉर्डात जे असेल तेच इथे हवं. सिस्टर्सना जे भोगावं लागणार, ते आधी आपण भोगायचं."

"मग वॉर्डात काय असणार?"

"तेच ठरवायचंय."

मला कुणी विचारलं नव्हतं, तरी मी म्हटलं, एकच ठेवा. एका यंत्रापाशी माणसं गोळा होतात, चार शब्द बोलतात. मुलगी माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरं. दोन आठवडे एकच ठेवून बघू."

मंगळवार, ता. ५

मला काम मिळालं! प्रिंटर खिडकीशी, माझ्या खुर्चीलगत ठेवलाय. स्टिकरची पट्टी बाहेर येते, ट्रेमध्ये पडते. मी ती फाडून ज्याची त्याला देतो. शाळेत तपासलेले पेपर वाटायचे असत तसं.

चाचणीसाठी खोटे पेशंट लागतात. दाढीवाल्यानं 'अअअ' आणि 'कखग' अशी नावं घातली होती. मी म्हटलं, अरे, माणसं आहेत ती, बाराखडी नव्हे. मग मी नावं सुचवली : श्रीमती शेवंती, श्रीमती अबोली, श्रीयुत मोगरे. चिमणीला इतकं आवडलं की तिनं शेवंतीबाईंना मधुमेह दिला.

दुपारी वीज जाऊन आली आणि प्रिंटर कुणालाच सापडेना. समोर टेबलावर ढळढळीत दिसतोय, पण कॉम्प्युटर म्हणतात, असा कुणी इथे राहत नाही. दाढीवाल्यानं सांगितलं, वीज गेली की त्याचा नेटवर्कवरचा पत्ता बदलतो. स्वतःच्या घरात बसून स्वतःचा पत्ता विसरलेला प्राणी मी प्रथमच पाहिला. (आरशात सोडून.)

गुरुवार, ता. ७

मुलीनं आपल्या एकटीच्या टेबलावर एक छोटा प्रिंटर वायरनं जोडून घेतलाय. तिचा स्टिकर तिच्याच हातापाशी निघतो. खिडकीकडे ती येत नाही.

"तुझं काम माझ्याकडे का नाही?" मी विचारलं.

"तुलना करून बघतेय, बाबा."

आता तुलना करायला एवढं तोंड गंभीर कशाला? पण ती हल्ली अशीच आहे. तिची आई गेल्यापासून जास्त.

मी तिला विचारलं होतं, एवढी हॉस्पिटलं असताना त्याच हॉस्पिटलचं काम का घेतलंस? म्हणाली, जवळ पडतं. वास्तविक कोपऱ्यावरचं त्याहून जवळ आहे. पण तिला लहानपणापासून अंतराचा अंदाजच नाही. शाळेला नेहमी उशीर.

त्या हॉस्पिटलात हिचे शेवटचे दिवस गेले. खिडकीजवळचा पलंग मिळाला होता. बाहेर एक झाड होतं, फांदी काचेला लागायची. मी रोज दुपारी एकेक कविता म्हणून दाखवायचो, आणि ती डोळे मिटून म्हणायची, "शेवटचं कडवं पुन्हा." आजार लवकर कळला नाही, एवढंच झालं. आधी रिपोर्ट चांगला आला, आम्ही घरी आलो, आनंदात होतो. नंतर वाईट आला. होतं असं. डॉक्टरांशी सगळं बोलणं मुलीनंच केलं. मी बाहेर बाकावर बसून होतो. मला ते ऐकायचं नव्हतं.

सोमवार, ता. ११

हॉस्पिटलचे मॅनेजर ऑफिस बघायला आले. सभ्य गृहस्थ, आवाज मऊ, बूट चकचकीत. माझं काम बघून कौतुक केलं. "बघा, आजोबांनासुद्धा जमतंय! आमच्या वॉर्डात अशीच पद्धत आहे. सिस्टरच्या टेबलावर एक प्रिंटर, सगळ्या तिथूनच घेतात."

मुलगी म्हणाली, "आम्ही सुचवतोय ते वेगळं आहे. प्रत्येक ट्रॉलीवर छोटा प्रिंटर, ट्रॉलीवरच्याच कॉम्प्युटरला वायरनं जोडलेला. पलंगापाशी उभं राहायचं, स्टिकर काढायचा, तिथल्या तिथे चिकटवायचा. मध्ये चालणं नाही, ट्रे नाही."

"मॅडम, ट्रॉल्या दिवसभर फिरतात. वायर निघेल, अडकेल, तुटेल. रोल संपला की ती ट्रॉली ठप्प. प्रत्येक ट्रॉलीमागे कोण धावणार? कॉमन प्रिंटर असला की एका ठिकाणी लक्ष ठेवलं की झालं." मग त्यांनी हात जोडल्यासारखे केले. "आमच्या सिस्टर्स वर्षानुवर्षं हे करतायत. या बाबतीत आजवर एकही चूक नोंदलेली नाही."

"नोंदलेली नाही," मुलगी म्हणाली.

तेवढ्या मुद्द्यावर तरी दोघांचं एकमत झालं, म्हणून मला बरं वाटलं.

मंगळवार, ता. १२

दाढीवाला आज आपणहून बोलला, यावरून प्रकरण किती गंभीर आहे ते कळावं. मुलगी बाहेर गेली होती. तो माझ्या खुर्चीजवळ येऊन उभा राहिला.

"आजोबा, ताईंना तुम्ही समजावा. मॅनेजर चुकीचं बोलत नाहीयेत. वायर निघणं, रोल संपणं, हे सगळं होणार. आणि आपल्या हातात हे एकच काम आहे. हे गेलं तर हे ऑफिस बंद करावं लागेल."

"मग आम्ही आमचा चिवचिवाट दुसरीकडे नेऊ," चिमणी म्हणाली. पण तिचा आवाज चिवचिवाटासारखा नव्हता.

संध्याकाळी जेवताना मी विषय काढला. म्हटलं, "बाळ, साहेबांचं ऐक. एवढ्याशा वायरीसाठी दोन पोरांची नोकरी पणाला लावायची का?"

ती ताटाकडे बघत म्हणाली, "बाबा, तुम्हीसुद्धा?"

"म्हणजे काय? मला दोन्ही बाजू दिसतात."

"तुम्हाला दिसत नाही," ती म्हणाली, अगदी हळू. रागानं नव्हे, म्हणून जास्त लागलं. मग तिनं माझ्या वाटीत आमटी वाढली आणि सांगितलं, शुक्रवारी सगळी चाचणी पहिल्यापासून शेवटपर्यंत घेऊ, खऱ्या वॉर्डासारखी. त्यात कॉमन प्रिंटर उतरला तर ती हट्ट सोडेल.

शुक्रवार, ता. १५

अक्षर वाचता येईल ना, देव जाणे.

सकाळपासून खोलीचा वॉर्ड केला होता. ट्यूबमध्ये रंगीत पाणी. दाढीवाल्याकडे शेवंतीबाई, चिमणीकडे अबोलीबाई. दोघं सिस्टर. मी नेहमीच्या जागी. मुलगी दारापाशी उभी, हाताची घडी घालून.

पहिला तासभर सगळं छान चाललं. मग दोघांनी एकाच वेळी बटण दाबलं असावं. पट्टी सलग बाहेर आली. एकाचे स्टिकर संपून दुसऱ्याचे सुरू झालेले, मध्ये नेहमीसारखी मोकळी जागाही नाही. माझ्या डोक्यात तेव्हा चौथीतली एक कविता घोळत होती, ती नदीवरची, आणि तिची एक ओळ काही केल्या आठवत नव्हती. चिमणी आधी आली. "द्या आजोबा, पटकन. माझ्या पेशंटला चक्कर येतेय." मी पट्टी मधोमध फाडली आणि पुढचा तुकडा तिच्या हातात दिला. मागून दाढीवाला आला, त्याला उरलेला. दोघांनी घाईत, नाव न वाचताच चिकटवले. यंत्रानं वाचले. हिरवा दिवा.

ओळ आठवली, त्याचा मला आनंद झाला होता.

मुलगी पुढे आली. दोन्ही ट्यूब उचलून उजेडात धरल्या. लाल पाणी शेवंतीबाईंचं होतं, त्यावर अबोली. पिवळं अबोलीबाईंचं, त्यावर शेवंती.

"अय्या!" चिमणी म्हणाली. "मधुमेह अबोलीबाईंना गेला!" आणि हसली. मीही हसलो. दाढीवाला मात्र घाईघाईनं कीबोर्डकडे वळला. "थांबा, प्रोग्राममध्ये बघतो."

"प्रोग्राममध्ये काही नाही," मुलगी म्हणाली. "बघ ना. स्टिकर बरोबर, ट्यूब बरोबर, यंत्रानं वाचलं ते बरोबर. कुठेही चूक दिसणार नाही. कधीच दिसणार नाही." तिचा चेहरा भिंतीसारखा झाला होता. ट्यूब तिनं इतक्या अलगद ठेवल्या, जणू त्यांना लागलं असतं.

त्या दोघांना तिनं घरी पाठवलं. मग माझ्यासमोर स्टूल ओढून बसली.

"बाबा, आईचा पहिला रिपोर्ट आईचा नव्हता."

मी म्हटलं, "असं काय बोलतेस?"

"शेजारच्या पलंगावर एक बाई होत्या. त्या ठणठणीत होत्या, नुसती तपासणी करायला आलेल्या. त्यांना सांगितलं, तुम्ही फार आजारी आहात. आईला सांगितलं, घरी जा. त्यांचं खरं कळलं तेव्हा आईचंही कळलं. तोवर आई किती पुढे गेली होती! डॉक्टर मला एवढंच म्हणाले, सँपलमध्ये अदलाबदल झाली असावी. असावी! कशी, ते कुणाला सांगता येईना. कारण कुठे काही चुकलेलंच दिसत नाही."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही बाकावर बसला होतात. मी दारातून बघितलं. तुम्ही कविता म्हणत होतात."

पुढे लिहवत नाही.

शनिवार, ता. १६

आज काही नाही. अंथरुणातून उठलो नाही. चिमणीनं खिडकीबाहेरून हाक मारली, ओ दिली नाही.

ही घरीसुद्धा 'शेवटचं कडवं पुन्हा' म्हणायची, ते आठवतं. ते चांगला रिपोर्ट घेऊन घरी आल्यावरचे दिवस होते. आम्हाला वाटत होतं, वेळच वेळ आहे.

सोमवार, ता. १८

सकाळी मी दाढीवाल्याला बोलावलं. म्हटलं, हा खिडकीतला प्रिंटर काढ. दोघांच्या टेबलांवर वायरवाले लाव. तो दिवसभर टेबलांखाली ओणवा होऊन वायरी ओढत होता. मध्येच एकदा टेबलाखालूनच म्हणाला, "आजोबा, चूक तुमची नव्हती. त्या जागी कुणीही असतं तरी झाली असती."

"तेच तर," मी म्हटलं.

खोली शांत झाली. कुणी उठत नाही, कुणी खिडकीशी येत नाही. ज्याचा स्टिकर त्याच्या हाताशी निघतो, तो तिथेच चिकटतो. दुपारी चिमणीचा रोल अडकला, तिला तो बसवायला बराच वेळ लागला; मॅनेजर म्हणतात तेही खोटं नाही. मग ती एक लांब पट्टी घेऊन माझ्याकडे आली.

"आजोबा, फाडून द्या ना. तुमच्या हातची सवय झालीय."

मी हात मागे घेतले. "नको बाळ. ज्याची ट्यूब, त्यानंच फाडायची. ट्यूब समोर ठेवून."

ती परत गेली. माझी खुर्ची मी भिंतीकडे फिरवून घेतली. भिंतीपलीकडे आता कुणी कविता म्हणत नाही. तिकडे शेजाऱ्यांचं न्हाणीघर आहे.

बुधवार, ता. २०

हॉस्पिटलात मीटिंग. मी हट्टानं बरोबर गेलो. वॉर्डातच बोलावलं होतं. खिडकीजवळच्या पलंगावर कुणी म्हातारा झोपला होता. झाडाची फांदी तोडलेली दिसली.

मुलीनं ट्रॉली फिरवून दाखवली. प्रिंटर ट्रॉलीच्या कडेला घट्ट बसवलेला, वायर आतून नेलेली, दिसतसुद्धा नव्हती. दाढीवाल्यानं दोन दिवस त्याच्यावर डोकं फोडलं होतं. रोल संपायच्या आत तो आवाज करतो. मॅनेजरनी मान डोलावली. म्हणाले, "काम चांगलं आहे. पण मुळात गरज काय? त्रास नाही तिथे औषध कशाला?"

तेव्हा तिनं सांगितलं. सगळ्यांसमोर. आईचं, शेजारच्या बाईंचं, सगळं. आवाज न चढवता. मला वाटलं होतं ती रडेल. मीच रडलो.

सिस्टर्स भिंतीला टेकून ओळीनं उभ्या होत्या, सगळ्यांचे डोळे खाली. मॅनेजर म्हणाले, "मॅडम, तुमचं दुःख मी समजतो. मनापासून समजतो. पण अदलाबदल ट्रेमध्येच झाली, हे कशावरून? ती लॅबमध्ये झाली असेल. रक्त घेतानाच झाली असेल. माझ्याकडे नोंद नाही, साक्षीदार नाही. नुसत्या एका अंदाजावरून मी सगळ्या वॉर्डांची पद्धत बदलू? शुक्रवारी कमिटी आहे. काही ठोस असेल तर आणा. नसेल तर आपण कॉमन प्रिंटरवर सही करू, किंवा मग... दुसरी मंडळी आहेतच."

परतताना रिक्षात मुलगी म्हणाली, "मी कॉमनवर सही करणार नाही, बाबा." मग घर जवळ आल्यावर : "त्या दोघांना काय सांगू?"

मी तिचा हात धरला. एकही कविता आठवली नाही.

गुरुवार, ता. २१

सकाळीच मुलगी त्या दोघांना घेऊन बाहेर पडली. ऑफिस बंद झालं तर पुढे काय, ते बोलायला. घरात बोलायचं नव्हतं तिला. मी एकटाच होतो, समोरच्या खोलीत, बंद कॉम्प्युटरांच्या मध्ये.

बेल वाजली. वाटलं, स्टिकरचे रोल आले असतील, आता ते परत पाठवावे लागतील.

दारात एक बाई होती, चाळिशीची असेल. साधे कपडे, केस नुकते धुतल्यासारखे ओले. मी ओळखलं नाही.

"ताई आहेत का?"

"बाहेर गेलीय. येईल एवढ्यात. आपण?"

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही कविता म्हणायचात," ती म्हणाली. "खिडकीजवळच्या पलंगापाशी. आम्ही ड्यूटी बदलताना मुद्दाम थांबून ऐकायचो."

मला किती आनंद झाला म्हणून सांगू! हिचा तो पलंग, त्या दुपारी, कुणाला तरी आठवतायत. मी म्हटलं, "अहो, या ना, बसा. कुठली कविता आठवते तुम्हाला?"

ती आत आली नाही. दोन्ही हातांनी पर्सचा पट्टा धरून उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"काका, त्या सकाळी ट्रेमधले स्टिकर मी उचलले होते. दोघींचे एकदम आले होते. तिकडे एक पेशंट पडला म्हणून हाक आली, मी मधोमध फाडले आणि धावले. नंतर मला कळलं. मी कुणालाच बोलले नाही. काल ताई बोलत होत्या तेव्हा मी तिथेच उभी होते, भिंतीला टेकून." तिचा श्वास लागला होता, जिना चढून आल्यासारखा, आमच्याकडे जिना नाही. "उद्या कमिटीपुढे सांगणार आहे. लिहून देणार आहे. नोकरी राहील, न राहील. पण आधी या घरात सांगायला हवं होतं."

दाराची कडी माझ्या हातात होती. दार लावून घेता आलं असतं. आमच्या हिचा चेहरा डोळ्यांसमोर आला, आणि त्याच्या लगेच मागे आला माझाच हात, पट्टी फाडणारा.

"आत या," मी म्हटलं. "मुलगी येतेच आहे. आपण तिची वाट बघू."